समुद्र नाही पण तलाव आहे ना! घराजवळ पायी फिरायच्या वाटा सांगा (साकोली–अर्जुनी मोरगाव पट्टा)

तलावकाठ

नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहून राहिलो, सांभाळून घ्या.

नऊ वर्षं पुण्यात काढली आणि तिथं एक सवय लागली, सुट्टी आली की बॅग उचलून चालायला जायचं. मला डोंगरापेक्षा समुद्रकाठ जास्त आवडायचा. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट ज्यांनी पाहिली असेल त्यांना माहीत आहे, पायऱ्या उतरून खडकांवर यायचं आणि भरती-ओहोटीची वेळ गावात विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. ओहोटी असेल तर आरामात फिरून या, भरती लागली की ती वाट जीव घेते. चहावाल्याला विचारायचं, तो समुद्राकडे न बघताच सांगायचा, "आता नको, जेवून या."

दोन वर्षांपूर्वी बाबांची तब्येत बिघडली म्हणून गावी परत आलो. काम घरूनच, नेट चाललं तर. गाव साकोली आणि अर्जुनी मोरगावच्या मधात, भंडारा-गोंदिया जिल्ह्यांच्या सीमेजवळ. घरामागे धानाच्या बांध्या, त्यापुढे मालगुजारी तलाव, आणि तलावापलीकडे सरळ जंगल. म्हणजे लोक नागपूरहून पैसे भरून जे बघायला येतात ते माझ्या मागच्या दारातून दिसते आणि मी दोन वर्षांत तिथं चार वेळाही गेलो नाही. गावात कोणालाही म्हटलं की पायी फिरून येतो, तर पहिला प्रश्न "कायले?" जंगलात माणूस जातो तो मोह वेचायला, तेंदूपत्त्याला, सरपणाला, नाहीतर चुकलेली गाय शोधायला. नुसतं चालायला कोणी जात नाही. आई म्हणते, एवढेच पाय शिवशिवत असतील तर वावरात ये, काम पडलं आहे.

आता खरी गोष्ट. मागच्या महिन्यात मुलीला (वय ११) घेऊन निघालो, तलावाच्या पाळीवरून पलीकडे उतरलो आणि गुरांची एक वाट धरून आत गेलो. दुपारचे साडेचार-पाच झाले असतील. पाऊण तास मस्त चाललो, ऐन आणि धावड्याची झाडं, खाली वाळला पाला, मुलगी खूश. मग एक नाला लागला, ओली रेती, आणि तिच्यात एक ठसा. माझ्या पंज्यापेक्षा थोडाच लहान, गोल, नखं उमटलेली नाहीत. मी फोन काढून फोटो घ्यायला वाकलो तर मुलगी म्हणाली, "बाबा, यात पाणी अजून भरून राहिलं आहे." खरंच बाजूच्या रेतीतून पाणी हळूहळू त्या ठशात पाझरत होतं.

फोटो राहिला. तिचा हात धरला आणि आलो त्या वाटेनं मागं. जंगलाच्या तोंडाशी एक गुराखी गुरं घेऊन परतत होता त्यानं जी काही खरडपट्टी काढली ती इथं लिहिता येणार नाही. घरी बायको दोन दिवस बोलली नाही.

पण मुलगी रोज विचारते, आता कधी जायचं. म्हणून तुम्हाला विचारून राहिलो. आपल्या भागात घराजवळ कुठं बिनधास्त चालता येते, कुठं कायद्यानं चालतच नाही, कोणत्या वेळी जायचं, कोणाला विचारायचं. इकडचा तो चहावाला कोण आहे? आणि एक दिवसात जाऊन येण्यासारखं काही असेल तर तेही सांगा. गाडीतून सफारी नको, ती केली आहे.

बोडीवाला धानकरी

भाऊ तुमी तं आमच्याच आंगनातले निघाले. पहिले तं त्या गुराख्याचे पाय धरा, थोच तुमचा चहावाला हाय.

मस्करी नाही, खरं सांगून राह्यलो. गुराखी रोज गुरं घेऊन जाते, त्याले माहीत रायते कोन्या बाजूले काल वानरं ओरडत होते, कोन्या नाल्यात रानडुकरं बसले, कोन्या पांधनीत गाय बिचकून मागं फिरली. आमच्या गावात जंगलात जायचं म्हटलं तं आदल्या दिशी संध्याकाळी गुरं गोठ्यात आल्यावर त्याले विचाराचं, "उद्या गुरं कोनीकडे नेसान?" तो ज्या बाजूले जाऊन नाही राह्यला त्या बाजूले आपनही नाही जाचं. एवढं सोपं हाय. अन् त्याले बिडी-काडीले पैसे द्या, फुकटात नका विचारू.

आता वाटा. तुमी जंगल-जंगल करून राह्यले पन आपल्या झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) चालाची खरी जागा म्हंजे तलावाची पाळ. आपले हे मालगुजारी तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली चारही जिल्ह्यांत हजारोंनी हायेत, बहुतेक कोहळी लोकांनी बांधले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी (जमीनदारी) गेली अन् तलाव सरकारकडे आले, म्हून कागदावर माजी मालगुजारी, त्याचं झालं मामा तलाव. शहरातले लोक विचारतेत कोनाचे मामा!

पाळ पाहून घ्या कशी असते. एका बाजूले पानी, दुसऱ्या बाजूले खाली बांध्या, मधात मातीची उंच वाट, वर मोह, आंबा, कहू असे मोठे झाड. पाळीच्या पोटात तुडूम रायते, तिथून पानी वावरात सोडतेत. एका टोकाले सांडवा. सकाळी आठ वाजता या टोकाहून निघालं अन् सांडव्यापर्यंत गेलं की मोठ्या तलावाले दीड-दोन किलोमीटर आरामात होते, अन् दोन्ही बाजूनं उघडं असल्यानं काही आलं तं दुरूनच दिसते. तलाव जंगलाले लागून असंल तं जंगलाकडच्या काठानं पूर्न गोल चक्कर नका मारू, गेले त्याच पाळीनं वापस या. जनावर पान्यावर येते ते त्याच काठाले.

आता हे दिवस लय चांगले. धान निघाला, बांधीत लाखोळी उगवली, थोड्या दिसात निळे-निळे फुलं येतीन. पान्यावर बाहेरचे बदक आले, अडई, लालसरी, कधी पट्टकादंबाचा थवा. कमळाच्या पानावरून चालनारा कमळपक्षी तं पोरीले दाखवाच, त्याचे बोटं एवढे लांब की पान बुडतच नाही. ढिवर लोक (मासेमारी करनारे) सकाळी डोंगा घेऊन जाळे पाहाले निघतेत, त्यांच्याशी बोला, त्यांच्याइतका तलाव कोनालेच माहीत नाही.

सारस पाहाचा असंल तं तुमच्या भागात भेटनार नाही, तो गोंदियाच्या वरच्या बाजूले, परसवाडा, झिलमिलीच्या तलावाकडे पाहा. महाराष्ट्रात आता तो मुख्यतः आपल्या गोंदियातच उरला. पन पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटं दिसलं तं जवळ नका जाऊ, दुरूनच पाहा अन् फोटो टाकून जागा नका सांगू कोनाले.

जंगलात तीस वर्षं

मी वनखात्यात नोकरी केली, आता घरी असतो. कडक बोललो तर राग मानू नका.

मूळ पोस्टमध्ये तीन चुका आहेत. दुपारी साडेचारला आत जाणे. लहान मुलीला घेऊन गुरांच्या वाटेने आत जाणे. आणि ठशाचा फोटो काढायला वाकणे. ठशात पाणी पाझरत होतं म्हणजे जनावर नुकतंच गेलं होतं, कदाचित शेजारच्या करवंदीच्या जाळीतून तुम्हाला बघत असेल. वाघाला उभा माणूस नीट कळत नाही, तो त्याच्या खाण्यातला नाही. वाकलेला, बसलेला माणूस मात्र आडवा दिसतो, चार पायांचा. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचताना आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडताना आपल्याकडे इतके लोक मरतात. पहाटेची वेळ, खाली वाकून काम, पाल्यात आवाज, आणि सोबतचा माणूस पन्नास फूट दूर. ते दोन-अडीच महिने हौसेने जंगलात पाऊल टाकू नका. गरज असलेले लोक जातात तो वेगळा विषय आहे.

कायद्याचं सांगतो. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान यात परवान्याशिवाय शिरणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, पायी तर नाहीच नाही. तुमच्या बाजूला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आहे, डिसेंबर २०१३ ला झाला, आणि त्याचे तुकडे तुकडे आहेत, सलग नाही. त्यामुळे तुमच्या तलावामागचं जंगल प्रकल्पात येते, बफरमध्ये (प्रकल्पाभोवतीच्या पट्ट्यात) येते की प्रादेशिक वनविभागात (प्रकल्पाबाहेरच्या साध्या जंगलात) येते हे नुसतं बघून कळणार नाही. गावाच्या बीटचा वनरक्षक कोण ते विचारा, त्याला भेटा, तो सांगेल. चहा पाजा. त्यालाही बरं वाटते कोणी विचारलं तर, आम्हाला तर लोक फक्त नुकसानभरपाईच्या वेळीच ओळखायचे.

आणि लक्षात ठेवा, नागझिऱ्यात २०२३ च्या मे महिन्यात दोन वाघिणी चंद्रपूरकडून आणून सोडल्या, २०२४ मध्ये तिसरी. म्हणजे आपल्या लहानपणी जे जंगल "तिथं काही नाही, वानरं आहेत" असं होतं ते आता तसं राहिलं नाही. वाघ एका जंगलातून दुसऱ्यात जातो तो तुमच्याच बांध्या आणि नाल्यांतून जातो, रात्री.

जायचंच असेल तर सकाळी नऊनंतर, ऊन अंगावर आल्यावर. तीनच्या आत बाहेर. चारजण तरी, जवळजवळ, बोलत. कानात इअरफोन घालून चालणारे शहाणे मी पाहिले आहेत, त्यांना काय सांगायचं! जंगल कानानेच कळते. वानर झाडाच्या शेंड्यावरून खाली बघून खकारायला लागला, भेकर कुत्र्यासारखं भुंकायला लागलं, चितळ एकाच दिशेला तोंड करून ओरडायला लागले की तुमचं फिरणं तिथंच संपलं, मागे फिरा. सोबत कुत्रा नेऊ नका, बिबट्याला ते आमंत्रण आहे. अत्तर, सेंट लावू नका, आग्यामोहोळ उठलं तर वाघ परवडला म्हणाल.

समोर आलाच तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, वाकायचं नाही. तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरकायचं, मुलांना मधात घ्यायचं. आणि अस्वलाला वाघापेक्षा जास्त भ्या. वाघ बहुतेक वेळा स्वतः बाजूला होतो. अस्वल वारूळ उकरण्यात गुंग असते, तुमची चाहूल लागत नाही, आणि मग एकदम दचकून तोंडावर येते. मी माझ्या नोकरीत वाघाने मारलेल्यांपेक्षा अस्वलाने फाडलेली माणसं जास्त उचलून नेली.

वनखात्याचा १९२६ हा टोल फ्री नंबर फोनमध्ये ठेवा. नेटवर्क मिळेल तिथं.

अकोटची मास्तरीण

जंगलवाल्या दादांचं सगळं खरं आहे पण वाचून तर माणूस घराबाहेरच पडणार नाही बाप्पा. आमच्या मेळघाटच्या पायथ्याशी लोक पिढ्यान्‌पिढ्या चालून राहिले, कोरकू बाया डोक्यावर मोळी घेऊन घाट उतरतात, त्यांना कोणी विचारत नाही तुमी ट्रेकिंग करता का म्हणून.

तुमच्यापासून दूर आहे माहीत आहे, पण कधी दिवाळीच्या सुट्टीत पोरीला घेऊन इकडे या. नरनाळा किल्ला. अकोटहून शहानूर, तिथं गेटवर नोंद करायची, तो भाग अभयारण्यात येतो म्हणून सोबत काय चालते, पायी कुठवर जाऊ देतात ते तिथंच विचारून घ्यायचं, नियम बदलत राहतात. मी पहिल्यांदा गेली तेव्हा सातवीतली होती, शाळेच्या सहलीत. महाकाली दरवाज्याजवळ मॅडमनी आम्हाला गप्प बसवलं आणि म्हणाल्या, हात लावून पाहा. दगडात इतकं बारीक कोरलेलं की बोटाला नक्षी लागते. वर शक्कर तलाव, आणि ती नऊगजी तोफ, जिच्यावर बसून फोटो काढला नाही असा अकोटचा माणूस नसेल.

चिखलदऱ्याला गेलात तर पॉइंटवर गाडीनं फिरून मक्याचं कणीस खाऊन परत येऊ नका. गावातून गाविलगडाकडे पायी जा. १५ डिसेंबर १८०३ ला वेलस्लीच्या इंग्रज फौजेनं तो भोसल्यांकडून घेतला. डिसेंबरातच गेलं तर थंडीत, धुक्यात त्या तटावर उभं राहून कळते की एवढ्या दऱ्यांमधून तोफा वर चढवल्या कशा असतील.

आता एक कामाची गोष्ट, जी वरच्या कोणीच सांगितली नाही. वाघ अस्वल सोडा, मला जंगलानं झोपवलं ते एका किड्यानं, तोही डोळ्याला न दिसणारा. तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात आम्ही चार मैत्रिणी पायथ्याशी फिरायला गेलो, गवतात चादर न टाकता बसलो, डबे खाल्ले. आठ-दहा दिवसांनी मला ताप, असा ताप की डोळे उघडत नव्हते, डोकं फुटून राहिलं. एका खाजगी दवाखान्यात पाच दिवस मलेरिया, डेंग्यू, टायफॉईड याच टेस्ट फिरवत बसले, सगळ्या निगेटिव्ह, सलाईनवर सलाईन. शेवटी भावानं दुसरीकडे हलवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, गवतात बसली होती का? आणि अंगभर तपासलं तर कमरेच्या पट्ट्याखाली एक काळी खपली, सिगारेटचा चटका बसल्यासारखी, न दुखणारी, म्हणून मला कळलंच नव्हतं. स्क्रब टायफस. गवतातल्या बारीक माइटच्या पिल्लांच्या चाव्यानं होतो. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन दिवसांत ताप उतरला.

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूरकडे याचीच साथ होती, लोक गेले त्यात. तर पावसाळ्यात आणि नंतरच्या दोन-तीन महिन्यांत गवतात बसू नका, पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, घरी आल्याबरोबर कपडे गरम पाण्यात आणि आंघोळ. फिरून आल्यावर पंधरा-वीस दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा जंगलात गेलो होतो म्हणून. पोरीच्या काखेत, कानामागे, गुडघ्यामागे बघत जा.

खाऱ्या पाण्याचा

समुद्र पाहिजे ना तुमाले? मंग लोणारले या. विदर्भात खारं पाणी आमच्याचकडे आहे!

खरंच सांगतो, उल्का पडून झालेलं विवर, वरून काठ ते काठ पावणेदोन किलोमीटरच्या वर, आणि खाली जे सरोवर आहे त्याचं पाणी खारं आणि अल्कधर्मी, हाताले लावलं तर साबणासारखं बुळबुळीत. जून २०२० मध्ये ते एकाएकी गुलाबी झालं होतं, तेव्हा तर सगळ्या देशाची टीव्ही आमच्या गावात. मिठात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे झालं म्हणून तपासात निघालं, उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला की त्यांचं फावते. त्याच वर्षी नोव्हेंबरात रामसर यादीतही गेलं.

वरच्या धारेपासून (झऱ्यापासून) पायऱ्या उतरून खाली जाता येते, खाली झाडी दाट, मोर इतके की केकारवानं कान किटतात, काठानं जुनी पडकी मंदिरं, आणि पलीकडे कमळजा देवी. पाणी चढलं की काठची वाट बुडते म्हणून पूर्ण फेरा होईलच असं नाही. हे अभयारण्य आहे, आत जायची वेळ आणि परवानगी पाहून घ्या. वास येतो, नाकाले रुमाल लावा, पहिली दहा मिनिटं. वर आल्यावर दैत्यसूदन मंदिर बघितल्याशिवाय जाऊ नका.

भर उन्हातला

साकोलीहून लोणार चारेकशे किलोमीटर आहे मास्तर. भाऊनं "घराजवळ" म्हटलं आहे 😂

खाऱ्या पाण्याचा

काय राजेहो, आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात वाघ चालत आला ना तिपेश्वर अभयारण्याहून! २०१९ मध्ये, गळ्यात कॉलर घालून, फिरत-फिरत तेराशे किलोमीटरच्या वर, तेलंगणा दाखवून. वावरं, रस्ते, नाले ओलांडत आला, लोकांनी त्याचं नाव वॉकर ठेवलं. तुमाले समृद्धीवरून गाडीनं येववत नाही?

भर उन्हातला

त्याले ना ऑफिस होतं ना पोरीची शाळा. बरं मी कामाचं लिहितो. मूळ पोस्टवाल्या भाऊसाठी, एक दिवसाचं.

नवेगाव बांध तर तुम्हाला तोंडपाठ असेल, पण तिथं गर्दीच्या बाजूनं जाऊन बोटीत बसून परत येतात लोक. तलाव अकरा चौरस किलोमीटरच्या आसपास, भोवती टेकड्या, त्यांना सातबहिणी म्हणतात, आणि ज्या कोलू पाटील कोहळीनं तो बांधला असं सांगतात त्याचाच पुढं कोलासूर देव झाला. तलाव बांधणारा माणूस देव होतो हे मला लय आवडते, रस्ता बांधणाऱ्याचं काही असं होताना दिसत नाही. तिथं वनखात्याच्या खिडकीवर विचारा, पायी कुठवर सोडतात, सोबत गाईड घ्या.

दुसरं, प्रतापगड. गोठणगावच्या बाजूला. डोंगरावर महादेव, आणि तिथंच ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा. महाशिवरात्रीला यात्रा भरते, लोक पायी येतात, दोन्हीकडे माथा टेकतात. यात्रेच्या दिवसांत गेलात तर वाटेवर माणसंच माणसं, लहान मुलीसोबत चढायला भीती नाही. इतर दिवशी सकाळी ऊन पडल्यावर. उतरून गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत जा, नॉर्ग्येलिंग, १९७२ पासून ते लोक इथं आहेत. धानाच्या बांध्यांच्या मधात रंगीत पताका फडफडताना दिसतात, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं ऊन लागलं की काय. हिवाळ्यात अर्धं गाव स्वेटर विकायला बाहेरगावी असते हे लक्षात ठेवा.

तिसरं, रेल्वेनं. सौंदडहून गोंदिया, तिथून गाडी बदलून दरेकसा. हाजरा फॉल त्या स्टेशनपासून पायी जाण्यासारखा. पण पावसाळ्यात तिथं निसरडं असते आणि दारू पिऊन उड्या मारणारेही असतात, मी ऑगस्टमध्ये गेलो होतो, परत ऑक्टोबरशिवाय जाणार नाही. त्याच भागात कचारगडची गुहा, माघ पौर्णिमेला गोंड बांधव लाखोंनी येतात तिथं. ते त्यांचं देवस्थान आहे, पिकनिक स्पॉट नाही, चप्पल-डबे-स्पीकर घेऊन जायचं असेल तर नका जाऊ.

उन्हाचं कोणी लिहिलं नाही म्हणून माझं नाव सार्थ करतो. मार्चनंतर आपल्याकडे चालायचं विसरून जा. ४५ डिग्रीत कोकणातल्या मऊ वाळूत चालल्याचा अनुभव कामाला येत नाही. आणि जूनमध्ये पहिला पाऊस आला की विजा. पाळीवर, उघड्यावर, मोहाखाली उभं राहू नका. ढग काळवंडले की घर गाठा.

तलावकाठ

सगळ्यांना धन्यवाद, मास्तरीणबाईंचा रिप्लाय बायकोनं तीनदा वाचला आणि पँट मोज्यात खोचायचा नियम घरात लागू झाला आहे, डिसेंबर असला तरी.

जंगलात तीस वर्षं काका, राग कशाचा, तीनही चुका कबूल. वनरक्षकाला भेटलो. वयानं लहान आहे माझ्यापेक्षा, त्यानं जमिनीवर काडीनं नकाशाच काढला. निघालं असं की तलावाच्या पूर्वेचा काठ प्रादेशिकमध्ये आहे आणि मी मुलीला घेऊन ज्या नाल्यात गेलो होतो तो बफरमध्ये. म्हणजे चुका तीन नाही, चार होत्या.

गुराख्याकडे शनिवारी संध्याकाळी गेलो. बोडीवाला भाऊ, रिकाम्या हातानं नाही गेलो. आधी तर त्यानं ओळखच दाखवली नाही, मग मुलीकडे बघून म्हणाला, "हे थेच का, नाल्यावाली?" उद्या कुठं नेणार विचारलं तर म्हणाला उद्या गुरं पाळीखालीच, आत नाही, दोन दिवसांपासून म्हशी जंगलाच्या तोंडाशी उभ्या राहून फुरफुरत आहेत, पुढं पाऊल टाकत नाहीत. बास, एवढंच. पुढं त्यानं काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

रविवारी सकाळी साडेआठला पाळीवरून सांडव्यापर्यंत गेलो, मी, मुलगी, तिची मैत्रीण आणि मैत्रिणीचे आजोबा. दोन किलोमीटरला दोन तास लागले कारण आजोबा प्रत्येक झाडापाशी थांबून ते कोणी लावलं आणि त्यावरून किती भांडणं झाली ते सांगत होते. तुडुमापाशी एक ढिवर काका डोंगा काठाला लावून जाळं झटकत होते, त्यात मासोळ्यांसोबत एक शिंगाड्याचा वेल अडकून आला होता. त्यांनी मुलींना दोन-दोन शिंगाडे तोडून दिले, हिरवे, काटे असलेले. सोलायला दात लावला आणि माझ्या मुलीच्या ओठाला काटा लागला, रक्त आलं थोडं, ती रडेल वाटलं तर म्हणाली कमळपक्षी कुठं आहे ते दाखवा आधी. दिसला. बोटं खरंच तेवढी लांब.

पलीकडच्या काठाला एकदा वानरं खकारली. आजोबा बोलता बोलता थांबले, आम्ही सगळेच थांबलो, आणि मुलीनं काही न सांगता माझा हात धरला. पाच मिनिटं तसेच उभे. पाण्यावरचे बदक उठले नाहीत, वानरंही गप्प झाली. मग परत फिरलो.

पुढच्या रविवारी प्रतापगड ठरवलं आहे. भर उन्हातला भाऊ, एकच विचारायचं होतं, तिकडे वसाहतीत मोमो मिळतात का हो कुठं, मुलीनं त्याच अटीवर डोंगर चढायचं कबूल केलं आहे.

भर उन्हातला

अर्धं गाव स्वेटर विकायला गेलेलं असते म्हटलं ना. उरलेल्या अर्ध्यात विचारून पाहा. डबा मात्र घरूनच न्या.

बोडीवाला धानकरी

अन् गुराख्याले प्रतापगडाचं नका विचारू, थो तिकडे गुरं नाही नेत 😄 येता-येता आमच्या गावाहून जा, पोपटाच्या (वालाच्या) शेंगा आल्या वावरात, मडक्यात घालून शिजवून देतो पोरींले.